चौथी रांग, दुसरा दिवा

ताई : पाय टेकवायचे नाहीत म्हटलं ना, आबा.

आबा : मी कुठे टेकवले? तेच गेले खाली.

ताई : तुमच्या वर्गातला मुलगा असं म्हणाला तर चालतं का तुम्हाला?

आबा : माझ्या वर्गात पाणी नसतं ग.

टिल्लू : ताई, आबांनी अर्धा तलाव पिऊन टाकला.

आबा : तू कानात औषध घालून काठावर बसलायस ना? मग बस गुपचूप. समालोचन नकोय.

टिल्लू : पण तिथे पाणी ताईच्या कमरेएवढंच आहे. घाबरायचं काय त्यात?

आबा : तुझ्या आजीनं हाच प्रश्न आयुष्यभर विचारला. ती समुद्रात शिरायची आणि मी किनाऱ्यावर तिच्या चपला धरून उभा.

ताई : टिल्लू, मध्ये बोलू नकोस. चला आबा, झोपा पाठीवर. एक हात पाठीखाली, एक मानेखाली. आहेत माझे हात.

आबा : काढणार नाहीस ना?

ताई : विचारल्याशिवाय नाही. अख्ख्या सुट्टीत एकदा तरी काढले का?

आबा : नाही काढलेस.

ताई : आज सुट्टीचा शेवटचा दिवस. उद्यापासून मला शाळा. आज तरंगायचंच.

टिल्लू : आबांना शाळा नाहीये. आबा आता इथेच राहणार.

ताई : कोण म्हणालं?

टिल्लू : सकाळी आईला सांगत होते. म्हणाले, संध्याकाळी हेडबाईंना फोन करतो, आता माझ्याच्यानं शिकवणं होणार नाही. मी कपाटातला माझा खालचा कप्पा आबांसाठी रिकामापण केला. खेळणी सगळी ताईच्या पलंगाखाली टाकली.

ताई : माझ्या पलंगाखाली? ते नंतर बघते. आबा, हा खरं सांगतोय?

आबा : खरंय.

ताई : का पण?

आबा : सुट्टी लागायच्या आधी वर्गात उभा राहायचो आणि पहिलं वाक्यच सापडायचं नाही. मुलं माझ्याकडे बघायची, मी फळ्याकडे. शेवटी म्हणायचो, वाचा आपापलं. रोज तेच. मुलांनी किती दिवस सांभाळून घ्यायचं मला?

ताई : तब्येत बरी नव्हती का?

आबा : तब्येतीला काय धाड भरलीय? तुझी आजी होती ना, तिला उद्याचा धडा आदल्या संध्याकाळी सांगायचो. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकायची. तिनं जांभई दिली की समजायचं, धडा फसला. मग दुसरी सुरुवात शोधायची. आता जांभई द्यायलाही कोणी नाही.

टिल्लू : मी देतो की.

आबा : तू देशीलच. तुझ्या बाईंकडून ऐकलंय मी.

ताई : झोपा आधी. मान मागे. पोट वर. आबा, लाकूड झालंय तुमचं. सैल सोडा. बोलत राहा काहीतरी, म्हणजे आखडणार नाही.

आबा : काय बोलू?

टिल्लू : आबा, आबा, वर बघा. छताला फुगा अडकलाय.

आबा : कुठे?

टिल्लू : तो काय तिथे.

आबा : तिथे म्हणजे कुठे? मला मान वळवता येत नाही. तुझं बोट दिसत नाही मला.

टिल्लू : दिव्याजवळ.

आबा : अरे, अख्खं छत दिव्यांनी भरलंय. कुठल्या दिव्याजवळ? तिसरीतल्या मुलानं असं मोघम बोलावं?

टिल्लू : त्या पलीकडच्या.

आबा : कोणाच्या पलीकडच्या? माझ्या की तुझ्या? थांब, असं कर. दिव्यांच्या रांगा आहेत ना? दारापासून रांगा मोज. फुगा कितव्या रांगेत?

टिल्लू : एक, दोन… चौथ्या.

आबा : आता त्या रांगेत घड्याळाच्या भिंतीपासून दिवे मोज. कितवा?

टिल्लू : दुसरा.

आबा : चौथी रांग, दुसरा दिवा. सापडला बघ. पिवळा आहे. दोरा लोंबतोय.

टिल्लू : हो, तोच.

आबा : आता बघ गंमत. तू बोट दाखवलंस, उपयोग झाला नाही. दोन आकडे दिलेस, एवढ्या मोठ्या छतात मला फुगा मिळाला. एकच आकडा दिला असतास तर?

टिल्लू : तर सगळी रांग शोधायला लागली असती.

आबा : शाब्बास. आणि मी दाराकडून मोजलं असतं, तू खिडकीकडून मोजलं असतंस तर?

टिल्लू : तर चुकलं असतं. भांडण झालं असतं.

आबा : झालंच असतं. म्हणून मोजायचं कुठून ते आधी सगळ्यांनी मिळून ठरवायचं. माणसांनी पृथ्वीवर अशाच आडव्या-उभ्या रेघा कल्पिल्यात. भर समुद्रात जहाज बंद पडलं, तर कप्तान मदतीला बोलावताना काय सांगेल?

ताई : आबा, मी आता…

आबा : मध्ये बोलायचं नाही. काही विचारायचं असेल तर हात वर.

ताई : कुठला हात?

आबा : कुठलाही कर. हां, टिल्लू, काय सांगेल? तिथे आहे, असं सांगेल?

टिल्लू : नाही. दोन आकडे सांगेल.

ताई : आबा, एक हात वर केलाय. दुसरापण करू?

आबा : कर बाई, कर. तर ते दोन आकडे ऐकून दुसरं जहाज निघतं. मध्ये रस्ता नाही, पाटी नाही, विचारायला माणूस नाही…

टिल्लू : आबा, ताईचे दोन्ही हात वर आहेत.

आबा : मोठा प्रश्न दिसतोय तिचा. विचार ग.

टिल्लू : अहो, मग तुमच्या खाली कोण आहे?

(आबा बुडतात, आणि खोकत उभे राहतात.)

आबा : सोडलंस मला.

ताई : हात वर कर, तुम्हीच म्हणालात. मी दोन्ही वेळा विचारलं.

आबा : किती वेळ होतो मी तसा?

ताई : जहाज बंद पडल्यापासून एक हात. दुसरं जहाज निघाल्यावर एकही नाही.

आबा : खोटं.

टिल्लू : आईशप्पथ, आबा. तुम्ही बोलत होतात आणि पाय आपोआप वर आले. एकदम होडीसारखे.

आबा : बाजूला हो. परत झोपतो.

ताई : हात लावू?

आबा : नको. ताई, अग, हेच करायचं उद्या पाचवीला. बाकं भिंतीला सरकवायची आणि सगळ्या वर्गाला जमिनीवर उताणं झोपवायचं. आमच्या वर्गाच्या छताला चौकोनी तक्ते आहेत, एकावर पाणी गळल्याचा डाग आहे. तो शोधायला लावायचा, बोट न दाखवता. इतकी वर्षं मी फळ्यावर रेघा मारत बसलो आणि पोरं पेंगत बसली. डोक्यावर होतं की सगळं.

ताई : हेडबाई आल्या तर?

आबा : म्हणतील, सर, मुलं झोपलीयत. मी म्हणेन, झोपलीत म्हणूनच जागी आहेत.

टिल्लू : आणि आजी काय म्हणाली असती?

आबा : गणवेश मळतील म्हणाली असती. मग म्हणाली असती, करून तर बघा.

टिल्लू : म्हणजे तुम्ही उद्या जाणार.

आबा : मी असं कुठे म्हणालो?

टिल्लू : उद्या पाचवीला, म्हणालात.

आबा : म्हणालो खरा.

टिल्लू : मग फोन नाही करणार हेडबाईंना?

आबा : करेन. म्हणेन, माझ्या वर्गाची फरशी सकाळीच पुसून ठेवायला सांगा. इकडे बघ टिल्लू. रागावलास?

टिल्लू : नाही. कानातलं औषध बाहेर येतंय. ते डोळ्यात गेलं.

ताई : संध्याकाळची गाडी मिळेल, आबा, पण आता निघायला हवं. टिल्लू, टॉवेल दे त्यांना. डोकं नीट कोरडं करा, तुम्ही खिडकीशीच बसणार आहात.