हुलग्याची पिशवी

न्हाई अण्णा, ती पिशवी तुमच्याजवळच असू द्या — मी काय करू हुलगे घेऊन? व्हय, सरांनी मागवलेत, कलबुर्गीच्या लॅबात तपासायला, मला म्हाईत हाय. महेशकुमार सर परवा फोनवर मलाच म्हणले, प्रेरणा, अनसाबाईच्या रक्तातला आकडा त्या एकाच महिन्यात कसा काय उतरला, तवा ती काय खात होती ते तिच्या पोराला इचार. म्हणून तर तुमी कमलनगरला उतरलात. बसा की, चा घ्या. राख लागलीय वाटतं हुलग्याला — तुमच्या आईनं, अक्कांनीच ठेवले असतील.

माझं काम कसं हाय, रक्त आणायचं. नळीवर नाव चिटकवायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं, जीप धरायची. रक्तात एक लई बारका तुकडा असतोय, पेप्टाइड म्हणतेत — गाठ वाढली की वाढतोय, गोळी लागू पडली की कमी होतोय. आन् गाठीला गोळीची सवय झाली, की गोळी खाऊन बी परत चढतोय, तवा गोळी बदलायची. त्यासाठीच दर महिन्याला तुमच्या आईच्या दंडाला सुई लावायचे मी. अक्कांनी कधी हात मागं घेतला न्हाई. घोंगडं टाकायच्या, म्हणायच्या, आधी जेव, मग टोच. त्या गेल्या तवा मी दोन दिवस — जाऊ द्या. तुमी म्हणायलात हुलग्याचं माडगं पिलं म्हणून आकडा उतरला. असंल की. मी कशाला न्हाई म्हणू? तुमी गावभर पेढे वाटले, मला बी दोन दिले, खाल्ले मी. कामून न्हाई खायचे?

काय म्हणलात? हरिबाची बायको? तिच्या गाठीच्या गोळ्या बंद? तीन आठवडे नुसतं माडगं? — कुणी सांगितलं तिला? तुमीच. आईचा आकडा उतरला म्हणून.

चा खाली ठेवा, अण्णा. त्या दिवशी अमावास्या होती. तुमी रानात होता. अक्का म्हणल्या, आज सुई नगं, आमच्यात अमावास्येला अंगातलं रक्त काढत न्हाईत. तरी म्या दोनदा टोचलं — नस घावंना, हात काळानिळा झाला, आन् त्या लेकरावानी रडायल्या. नळी रिकामी गेली तर यादीतनं नाव कटतंय, मग तपासणी फुकट न्हाई, गोळी फुकट न्हाई. भाईर जीपवाला हॉर्न वाजवायलाय. मी तुमच्या गोठ्याच्या मागं गेले, दंड आवळला, आन् हितं — हे बघा, हितं — माझंच रक्त काढलं. नळीवर नाव अनसाबाई. माझ्या रक्तात कुठनं यील तो तुकडा? आकडा उतरणारच. डॉक्टर म्हणले, गोळी लागू पडली, हीच चालू ठेवा. पुढच्या महिन्यात खरं रक्त गेलं तवा आकडा चौपट. सगळे म्हणले, एकदम कसा चढला. एकदम न्हाई चढला, अण्णा, आधीपासनंच चढायला होता, माझ्या रक्तानं झाकला. महिनाभर आधी गोळी बदलली असती तर वाचल्या असत्या का — मला म्हाईत न्हाई, कुणालाच न्हाई, रोज इचारतेय मी. नोकरी जाईल म्हणून तोंड उघडलं न्हाई. खोटं कशाला बोलू, त्याच भ्यानं.

 आधी उठा. तुमच्या गावची जीप समोर लागलीय. हरिबाच्या घरी जावा, म्हणावं, बायकोला आजच दवाखान्यात ने, माडग्यानं काय झालं न्हाई, त्या प्रेरणानं लबाडी केली — असंच सांगा, माझं नाव घेऊन. सरांना मी सांगते, हा बघा, फोन लावायले. शिव्या मागनं द्या, मी कुठं पळून जात न्हाई.

जावा. — आन् पिशवी हितं नगा ठेवू, अण्णा. राखेत घातलेत म्हंजे पेरायला ठेवले असतील अक्कांनी. घेऊन जावा.