हातात हलकं वांगं

पिंप्राळ्याच्या गिरणीवर कळण्याच्या भाकरीचं दळण घेऊन रतिलालनाना रांगेत उभे होते, आणि पुढच्या दोघा शेजाऱ्यांची पैज फुकटात ऐकत होते. तेजसनं भाजी मागवायचं ॲप बनवलं होतं. उद्या ते एका दुकानदाराला दाखवायचं होतं, आणि भूपेंद्र रांगेतल्या बेबाअक्कांकडे बोट दाखवून त्याला डिवचत होता.

"बेबाअक्कांनी यावर वांगी घेतली, तर मी चौकात अर्धी मिशी उतरवीन."

"नाही घेतली, तर मी गल्लीत हातगाडी ढकलत ओरडेन. अक्का, बघता का जरा?"

"दाखव. अक्षर मोठं शे, बरं शे."

"म्हाताऱ्या माणसांसाठी मुद्दाम केलंय."

"म्हातारी तुझी सासू!"

"चुकलो, अक्का. घाईवाल्यांना वेगळं पान, काटकसरवाल्यांना वेगळं. तुम्हाला काय हवं?"

"भरताचं वांगं. हातात हलकं शे का?"

"किलो म्हणजे किलोच ना, अक्का."

"अरे भो, जड वांग्यात बियाच बिया. हलकं कोणतं, ते विचार तुझ्या फोनाला."

"फोटो मोठा करून बघा ना."

"फोटोचं भरीत तूच खा!"

"तेजसभाऊ, हातगाडी कोणाची आणू?" भूपेंद्र मिशी कुरवाळत म्हणाला.

संध्याकाळी नाना मुद्दाम ओट्यावर येऊन बसले. अख्खी गल्ली दारात उभी होती, आणि तेजस हातगाडी ढकलत येत होता.

"भरताची वांगी! हिरवीगार वांगी!"

"ए फोनवाल्या, थांब! हलकी शे का?"

तेजसनं दोन्ही हातांत एकेक वांगं तोललं.

"हे जड, अक्का. हे हलकं."

"मग हे फोनात लिही. अन् दोन किलो दे."