सीतेची ओटी

सन्माननीय अध्यक्ष सरपंच आसारामभाऊ, संगमनेरहून आवर्जून आलेले प्रमुख पाहुणे, यात्रा कमिटीचे पदाधिकारी, समोर बसलेल्या माझ्या आया-बहिणी आणि मंडपाच्या कडेला उभं राहून तंबाखू मळणारे रसिकजन,

यात्रेच्या नाटकात सीता करता करता माझे गुडघे गेले, म्हणून आज आपण मला निरोप दिलात, शाल दिलीत, वर शालूही दिलात. 'कानिफनाथ म्हणजे साक्षात सीता' असं अध्यक्ष म्हणाले. साक्षात सीतेची मिशी काढायला दर यात्रेला न्हावी यायचा, हे सांगायचं मात्र ते सौजन्यानं विसरले.

पाहुण्यांना आमची रीत ठाऊक नसेल. पडदा उघडण्याआधी गावातल्या बायका रंगपटात येऊन सीतेची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ. मग पाया पडतात. मी शालूच्या आत अर्धी चड्डी घालून आशीर्वाद द्यायचो, आणि लोक ते घ्यायचे.

गुडघ्यांमुळे मी थांबलो, आणि गेल्या यात्रेत सीता झाली सुरेखा. बेलापूरची लेक, आपल्या गावची सून. पाठांतर चोख, गळा गोड. काम मीच शिकवलं. ती रंगपटात ओटीसाठी पदर पसरून बसली. बसूनच राहिली. बायका ताटं घेऊन कुठे गेल्या असतील? मी प्रेक्षकांत शर्ट-पँट घालून बसलो होतो, तिथे! त्यांतल्या आक्काबाई म्हणाल्या, "कानिफभाऊ, आमची सीता तुमीच. तिची आई तमाशाच्या फडात नाचायची. तिची वटी कशी भरायची? अन् लई काळी हाय वो ती."

वा! ओटी भरतात सवाष्णीची. सुरेखा सवाष्ण आहे. मी सवाष्णीचा नवरा आहे! आणि रंगाचं म्हणाल, तर मी काय दुधात न्हालो होतो? तोंडावरचे पावडरचे थर पुसायला खोबरेल तेलाची वाटी पुरायची नाही. आणि त्या फडासमोर पहिल्या रांगेत कोण कोण बसायचं, नावं घेऊ का अध्यक्ष? राहू द्या, पाहुणे आहेत.

सुरेखा तशीच रिकाम्या ओटीनं रंगमंचावर उभी राहिली. वनवासाच्या प्रवेशाला तुम्ही सगळे मुसमुसून रडलात. लाज नाही वाटली?

आता कमिटीनं ठरवलंय, पुढची सीता अध्यक्षांचा पुतण्या ओम. का, तर गोरा आहे. त्याला चार वाक्यं धड पाठ होत नाहीत, ते चालतं. बाई सावळी आणि फडवाल्या घरची, ते चालत नाही. तुम्हाला सीतेच्या कामाला बाई नकोच आहे, आपल्यातला गोरा पुरुष हवा आहे. मला याचा संताप येतो.

म्हणून हा शालू मी घेत नाही. तो सुरेखाचा. सुरेखा, तिकडे चपलांपाशी काय उभी आहेस, वर ये. आमच्या सौभाग्यवती सविताबाई, घरून आणलेलं ताट घ्या आणि पहिली ओटी तुम्ही भरा. मागून कोण येतंय, ते मी इथूनच बघतो.

वेळ दिलात, मान दिलात, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर मोठ्या मनानं मला माफ करा. तुमच्या वागण्याची माफी मात्र हिच्याकडे मागा. ती द्यायची की नाही, हे हिनं ठरवायचं.