फळीवरून विचारलेलं

तरण तलावाच्या काठावर माझ्या शेजारी एक आई बसली होती. तिची मुलगी उंच फळीवर उभी होती. प्रशिक्षक आईपाशी येऊन वाकले.

"ताई, आता ती विचारेल. ‘नाही’ म्हणायचं नाही हं."

"अहो सर, उडीआधी एकच तर विचारते, ‘आई, तुला काही होणार नाही ना?’ मी ‘नाही’ म्हटलं की मारते बिचारी उडी."

"आणि वर आली की पुन्हा तेच! काल तर सराव सोडून तुम्हाला फोन लावत बसली. स्पर्धा तोंडावर आलीय. तुमच्या ‘नाही’नं त्या मंत्रचळाला खतपाणी मिळतं, डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"सांगितलंय हो. पण ‘माहीत नाही’ म्हणायचं? आईनं असं अभद्र बोलायचं? जीभ रेटत नाही माझी."

"घाबरू दे तिला. भीतीसकट उडी मारायला शिकायचंय तिला. मी आहे ना खाली."

"आई! तुला काही होणार नाही ना?"

"बोला, ताई."

"सर, आजचा दिवस ‘नाही’ म्हणू द्या ना."

"आई! सांग ना!"

"माहीत नाही, पिल्लू!"

"असं काय गं? नीट सांग!"

"मला खरंच माहीत नाही! तू मार उडी!"

बराच वेळ फळी हलली नाही. मग पाणी उसळलं.

"मारली! ताई, बघितलंत? अहो, आता रडताय कशाला? किती खरं वाटलं तुमचं बोलणं!"

"खरंच होतं ते, सर. परवा माझी गाठ काढून तपासणार आहेत."