लगाम धरलेले पणजोबा

जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात माझ्यापुढे बहीणभाऊ उभे होते. दोघांच्या हातांत चादरीत गुंडाळलेलं मोठं तैलचित्र.

"ताई, जरा खाली टेकवू या का? हात भरून आले."

"टेकव बाबा. माझंही कंबरडं मोडलंय."

"मालकाचा शर्यतीचा घोडा शंभर वर्षांनीही तुकतुकीत, आणि त्याचा लगाम धरलेल्या आपल्या पणजोबांना तोंडच नाही."

"होतं रे. आईने पुसलं."

"पुसलं?"

"रोज सकाळी, ओल्या फडक्याने. तेवढंच तोंड. म्हणायची, आजोबांवर धूळ नको."

"आता हा दुरुस्तीवाला विचारेल, तोंड कसं होतं?"

"मला तरी कुठे आठवतंय?"

"मग घोडा कसा टिकला?"

"त्याला कशाला पुसेल ती? तो काय आपला होता?"