हिशोबात न धरलेला घोडा

मंडळी, ऐका. आज देवाच्या दारात उभा राहून मी तुम्हाला रेसच्या घोड्यांची गोष्ट सांगणार आहे. अध्यक्षांचा चेहरा बघा! घाबरू नका अध्यक्ष, उद्याचा घोडा सांगणार नाही. तो मला कळत असता, तर तुमच्या या मानधनावर मी आलो असतो का?

पण आधी एक प्रश्न. जिंकणं अवघड, का जिंकून गप्प बसणं अवघड? जिंकणं? कोण म्हणालं? हे पुढचे काका. काका, नातवाला दहावीला किती टक्के पडले हो? बघा, बघा! माझं वाक्य संपायच्या आत निघाले तोंडातून! अर्ध्या मंडपाला ते आधीच पाठ आहेत. जिंकणारा नातू होता, काका. तुम्हाला नुसतं गप्प बसायचं होतं!

तर केरबा झुरंगे नावाचा एक माणूस. आपल्याच मातीतला, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला. धंदा काय? पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांवर पैसे लावायचे. हौस नव्हे हं — धंदा! तुम्ही सकाळी दुकान उघडता, तसा तो पहाटे घोड्यांचा सराव बघायला हजर. रेसच्या आधी घोडे गोल फिरवतात, तिथं कठड्याला टेकून उभा राहायचा. घोडा कान कसे टाकतो, पाय कसा ठेवतो, घाम कुठे येतो, सगळं बघून मनाशी ठरवायचा. दहातले सहा बरोबर यायचे. तेवढ्यावर माणूस शेठ होतो, मंडळी. आणि उरलेल्या चारांवर रस्त्यावर येतो! उद्या कुणी बायकोच्या पाटल्या घेऊन निघाला आणि म्हणाला बुवांनी सांगितलं, तर मी साक्षीला येणार नाही.

आता या धंद्यातली मेख ऐका. शहाणा माणूस कुठल्या घोड्यावर आहे हे कळलं, की सगळे त्याच घोड्यावर पडतात. सगळे पडले, की बुकी — म्हणजे पैसे घेणारा — भाव पाडतो. रुपयाला पाच देणारा रुपयाला दीड द्यायला लागतो. म्हणजे केरबाचं पोट कशावर चालायचं? कुणाला न कळण्यावर!

म्हणून तो स्वतः बुकीकडे जायचाच नाही. पैसे लावायला जायचा त्याचा मेहुणा, लिंबाजी. भारी अबोल माणूस. इतका अबोल, की स्वतःच्या लग्नात भटजींनी विचारलं, नवरा कुठाय? आणि नवरा समोर पाटावर उभा! केरबानं लांबून डोक्याची टोपी नीट करायची, लिंबाजीनं ओळखायचं आणि पैसे लावून यायचं. असं कित्येक वर्षं चाललं. बंगला झाला, मोटार झाली, केरबाची बायको सारजाबाई सोन्यानं वाकली.

पण रेसकोर्सवर नाव कुणाचं? लिंबाजीचं! लिंबाजीशेठ या, लिंबाजीशेठ बसा, लिंबाजीशेठ चहा घ्या. आणि केरबा कोपऱ्यात आपला चहा आपल्या पैशानं पितोय. एका रविवारी बाकावर शेजारी एक पाहुणा बसलेला. तो चुकीच्या घोड्यावर पैसे लावतोय म्हणून केरबानं मायेनं सांगितलं, पाहुणं, त्याचा नाद सोडा. पाहुणा हसला. म्हणाला, बाबा, तुम्हाला घोड्यातलं काय कळतंय? ते बघा लिंबाजीशेठ उभे आहेत, त्यांना विचारा.

आता सांगा, झोप लागेल का? बंगल्यात गादी आहे, डोक्यावर पंखा आहे, झोप नाही! सारजाबाई म्हणाली, "अवं, पोटाला मिळतंय न्हवं? मग नाव काय चाटायचंय?" बाईमाणसाला कळतं, मंडळी. आपल्याला कळत नाही असं नाही, आपल्याला पचत नाही.

पुढच्या रविवारी केरबा पांढरा सूट घालून आला. छातीला गुलाब. लिंबाजीला म्हणाला, तू बस. आणि भर गर्दीत बुकीसमोर उभा राहून खणखणीत आवाजात घोड्याचं नाव घेतलं. घोडा आला! दुसऱ्या वेळी आला, तिसऱ्या वेळी आला! लोकांनी खांद्यावर घेतलं त्याला. केरबाशेठ! केरबाशेठ! कान तृप्त झाले हो.

आणि त्याच दिवसापासून घसरण सुरू झाली. त्यानं हात वर करायचा अवकाश, भाव पडायचा. पूर्वीएवढं कमवायला पाचपट लावावं लागायचं. आलेल्या घोड्यात चिमूटभर यायचं, पडलेल्या घोड्यात मूठभर जायचं. कर्ज झालं. पण सूट रोज इस्त्रीचा! कारण आता गिरणीतले, हमालीतले, कचेरीतले शेकडो लोक त्याच्या बोटाकडे डोळे लावून बसलेले. केरबाशेठ म्हणतील तो घोडा.

मग आला मोसमातला सर्वांत मोठा कप. त्यात सरनोबत नावाचा घोडा होता. केरबानं आदल्या संध्याकाळीच फिरोजशा नावाच्या पारशी बुकीकडे सगळं लावून टाकलं. नुसत्या शब्दावर. भाव तिथंच ठरला, आता मागं फिरणं नाही. घोडा आला तर कर्ज फिटणार, बंगला वाचणार. नाही आला तर उघड्यावर. आणि लोकांनाही छाती ठोकून सांगितलं, उद्या सरनोबत!

दुसऱ्या दिवशी केरबा कठड्याला टेकून घोडा बघायला लागला. सरनोबत घामानं निथळतोय. कान मागं पडलेत. पुढचा डावा पाय जपून टाकतोय. केरबाच्या डोळ्यांनी सांगितलं, हा घोडा आज येत नाही. मागं वळून बघतो तर लोक खिशातून नोटा काढतायत.

मंडळी, इथं थांबा. जरा त्याच्या सुटात शिरून बघा. त्याचे पैसे तर गेलेलेच आहेत. गप्प बसला तरी दोष कुणी देणार नाही, सगळेच बुडतील, केरबाशेठही बुडाले म्हणतील, नाव तसंच राहील. आणि बोलला तर? काल छाती ठोकली, आज थुंकी गिळायची. ज्या नावासाठी भरलं ताट लाथाडलं, ते नाव स्वतःच्या हातानं मातीत घालायचं! तुम्ही काय केलं असतं? मला सांगू नका, देवाकडे बघून मनातल्या मनात सांगा.

केरबा बाकावर चढला. म्हणाला, "काल मी सरनोबत सांगितला. माझं चुकलं. घोडा बरा न्हाई. त्याच्यावर कुणी पैसा लावू नका."

कुणीतरी विचारलं, शेठ, तुमचे लावलेत ना? "माझे गेले असं समजा," म्हणाला, आणि खाली उतरला.

लोकांनी नोटा परत खिशात घातल्या. रेस सुटली. आणि मंडळी — सरनोबत आला! पहिला आला!

झालं! कुणाचं काही बुडालं नव्हतं, फक्त मिळायचं राहिलं होतं. पण बुडालेलं माणूस विसरतो हो, मिळायचं राहिलेलं जन्मात विसरत नाही! ठग! आम्हाला बाजूला सारून एकट्यानं खाल्लं! अरे, त्याचा भाव आदल्या संध्याकाळीच ठरला होता, लोकांना बाजूला सारून त्याचा काय फायदा होणार होता? पण चिडलेल्या माणसाला हिशोब कळतो का? काल ज्यांनी खांद्यावर घेतलं, त्यांनीच चप्पल मारली. पांढऱ्या सुटावर मातीचा ठसा उमटला.

सोमवारी हिशोबाला बसले तिघं, फिरोजशा, लिंबाजी आणि केरबा. फिरोजशानं पैशांची थप्पी पुढं सरकवली. म्हणाला, तू एका दिवसात सगळा फिटला, केरबा. केरबानं थप्पीला हात लावला नाही. म्हणाला, "शेठ, तो घोडा हिशोबात धरू नका. ज्या घोड्यावरनं मी लोकांना उतरवलं, त्याच्यावर मी एकटा कसा बसून राहू?"

हरलेले पाया पडताना फिरोजशानं रोज पाहिले होते, जिंकलेला नको म्हणताना पहिल्यांदा पाहिला. तुम्ही म्हणाल, बुवा, हा वेडेपणा! बुकीचं घर भरलं! घ्यायचे आणि त्या हमालांना वाटायचे. अहो, लिंबाजी जन्मात बोलला नाही, तोही हेच बोलला. दाजी, वाटून टाका.

"वाटले तर पुन्हा खांद्यावर घेतील," केरबा म्हणाला. "त्या खांद्यांनीच मला हितवर आणलाय. तुम्ही दोघांनी कुणाला सांगायचं न्हाई."

बंगला विकला, मोटार विकली, सारजाबाईनं सोनं काढून दिलं, कर्जाची पै न् पै फेडली. दोघं गावी आले, शेती धरली. आणि मरेपर्यंत बाजारात कुणीतरी म्हणायचं, तो बघा ठग चालला. केरबा त्याला रामराम घालायचा! एका वाक्यात तोंड बंद करता आलं असतं समोरच्याचं. नाही केलं. मंडळी, सिंहासनावर बसलेल्यांची आख्यानं मी पुष्कळ लावली, पण हा माणूस आपल्या मातीत जन्माला आला हे सांगताना माझा ऊर भरून येतो. अशी माणसं होतात इथं!

त्याच्या दहाव्याला नदीवर प्रवचनाला मीच होतो. पिंड ठेवला, कावळा शिवेना. मुलानं हात जोडले, आईला सांभाळीन म्हणाला. नाही. केरबाच्या बहिणीनं सांगून बघितलं. नाही. गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं, ठगाच्या पिंडाला कावळा कसा शिवेल? तेव्हा तो मुका लिंबाजी उठला आणि रडत रडत, आत्ता मी तुम्हाला सांगितलं ते सगळं सांगितलं. आणि कावळा? होता तोही उडून गेला! लिंबाजी पिंडापुढं वाकला. म्हणाला, "दाजी, चुकलो. ह्यापुढं न्हाई सांगणार." कावळा आला आणि शिवला.

कावळ्याला भूक लागली असेल, म्हणा तसं. मी काही वाद घालत नाही. पण त्या दिवसापासून मी हे आख्यान लावतो, तेव्हा नाव बदलून लावतो. केरबा झुरंगे हे त्याचं नाव नाही. लिंबाजीचंही ते नाही. घोड्याचं तेवढं खरं आहे, घोड्याला कौतुकाची हाव नसते.

आता मला चिटणीसांची चिठ्ठी आलीय. आरतीआधी देणगीदारांची नावं वाचायचीत. वाचू, जरूर वाचू. फक्त ज्यांना वाटतं, आज आपलं नाव वाचलं जाऊ नये, त्यांनी हात वर करा.

अरे, अरे, काका! हात खाली! हात वर केला तर सगळ्यांना कळलं की! तसेच गप्प बसा. बसवतंय का बघा.