दोन ते पाच

मीरगुल: नाही, आधी गाडी बाजूला घे. मग बोल.

तिलेक: इथे कुठे घेऊ? एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला धरण.

मीरगुल: मग हळू चालव. चिडलेय मी आणि गाडी तू पळवतोयस.

तिलेक: आवाज कमी कर. मागे आपा झोपलीय, आईची झोप मोडेल.

मीरगुल: सकाळी कोचकोर गावाला जाताना मी दवाखान्यात नोकरीला होते. आता घरी चाललोय तर मी नोकरी सोडलेली आहे. मला कधी कळलं? तू घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमीसचा वाडगा घेऊन उभा राहिलास तेव्हा. सगळ्या पाव्हण्यांबरोबर.

तिलेक: तायकेची, माझ्या सख्ख्या मामाची साठी होती. प्रत्येकानं दोन शब्द बोलायचे होते. मी तुझं कौतुक केलं.

मीरगुल: 'माझी बायको उद्यापासून दात उपटायचं सोडून दिवसभर डॉलर-युरोचा व्यवहार करणार.' हे कौतुक? मी दात उपटत पण नाही. डॉक्टर उपटतात. मी पक्कड हातात देते.

तिलेक: तेच तर! पक्कड देण्यात आयुष्य घालवणार का?

मीरगुल: तो माझा प्रश्न आहे.

तिलेक: दवाखाना महिनाभर राबवून देतो तेवढं तू रोजच्या तीन तासांत महिन्याला कमावतेस. स्वयंपाकघरात बसून. दोन वर्षं बघतोय मी. तीन तासांत एवढं, तर दिवसभरात किती? हिशोब सरळ आहे.

मीरगुल: हा मातीचा ढीग आहे का, की दोन माणसं लावली की दुप्पट उपसला? एकला मी सुटते. दोनला युरोपवाले कामाला लागतात. पाचला मी लॅपटॉप बंद करते आणि बायेलला बालवाडीतून आणायला जाते. मधे एखादा सौदा मिळाला तर घेते. नाही मिळाला तर नाही.

तिलेक: आणि पाचनंतर जो मिळाला असता तो?

मीरगुल: तो दुसऱ्या कुणाचा.

तिलेक: वा! ह्या देशात तू एकटीच अशी असशील. पैसे समोरून चाललेत आणि बाईसाहेब म्हणतात, दुसऱ्याचे.

मीरगुल: तिलेक, कळत कसं नाही तुला? मी न घेता उठू शकते, कारण महिन्याच्या शेवटी पगार येतो. पगार गेला की रोज काहीतरी मिळवायलाच हवं. दूध आणायचंय म्हणून सौदा घ्यायचा? तसे सौदे बुडतात. तसेच बुडतात.

तिलेक: तू घाबरतेस, बस. बाकी सगळं सजावट आहे.

मीरगुल: घाबरते. हो. आणि माझ्या मांडीवरची ही पिशवी बघून जास्त घाबरते.

तिलेक: काय पिशवी? प्रत्येकाला मांस बांधून देतातच घरी न्यायला.

मीरगुल: ह्यात काय आहे माहितीय ना? उचा. त्यांनी उचा माझ्यापुढे ठेवला.

तिलेक: मान दिला.

मीरगुल: उचा म्हणजे मेंढीच्या कमरेचं हाड, घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईच्या मानाचं. माझ्यासारख्या सुनेला तंगडीचा तुकडा मिळाला तरी बास. मला वाटलं, चुकून ठेवला असेल, आपांचा असेल. म्हणून घेतला. दोन्ही हातांनी घेतला! विचारलं नाही कशाबद्दल. आणि मी हात लावला तसे तायके उठले, पाकीट ठेवलं आणि दुआ द्यायला हात पसरले.

तिलेक: मग? तू पण हात पसरलेस.

मीरगुल: उचा हातात धरून मी काय 'नको' म्हणणार होते? अख्खं कोचकोर 'आमीन' म्हणालं.

आपा: मी नाही म्हणाले.

तिलेक: आपा! तू झोपली होतीस ना?

आपा: माझं हाड दुसरीच्या मांडीवर असताना झोप लागते होय?

मीरगुल: आपा, मी खरंच...

आपा: गप. तुला नाही बोलत. माझ्या ह्या शहाण्याला बोलतेय. सासूसमोर सासूचं हाड सुनेला वाढलं. तीन बायकांनी मला डोळे मिचकावले. त्यातल्या एकीला तर एकच डोळा धड आहे.

तिलेक: आपा, तो तायकेचा निर्णय. मी फक्त बोललो.

आपा: तू आधी त्याचे कान भरलेस, मग बोललास. माझ्या भावाला, जोल्दोशला, मी लहानपणापासून ओळखते. त्याच्या स्वतःच्या डोक्यात एवढ्या लवकर काही येत नाही. पाकिटात काय आहे?

तिलेक: मदत.

आपा: कसली?

तिलेक: ती... तांबडी घोडी विकली त्यानं.

मीरगुल: काय?

तिलेक: शेजाऱ्यालाच विकली. लांब नाही गेली.

मीरगुल: तांबडी? जिच्यावर बायेलला बसवलं होतं?

तिलेक: तूच म्हणायचीस ना, भांडवल कमी पडतं!

मीरगुल: मी म्हणायचे, भांडवल कमी आहे म्हणून छोटे सौदे घेते! तक्रार नव्हती ती. देवा... भाव पडला की स्क्रीनवर लाल पट्टी येते, कॅन्डल; त्या प्रत्येकीत मला ती घोडी दिसेल. किंमत जरा खाली आली की पाय गेला, अजून खाली आली की शेपूट गेलं. मी भीतीनं सौदे अर्ध्यात सोडणार, तिलेक. भिऊन कुणी जिंकत नाही.

तिलेक: होईल सवय.

मीरगुल: जुलैत झाली का?

तिलेक: जुलैत तू आजारी होतीस.

मीरगुल: मी आजारी नव्हते.

तिलेक: आजारीच होतीस. जेवत नव्हतीस, बोलत नव्हतीस...

मीरगुल: जुलैत दवाखाना रंगवायला बंद होता. मी सकाळपासून रात्रीपर्यंत स्क्रीनसमोर होते. तुला जे पाहिजे आहे ना, दिवसभर, तेच करून बघितलं मी. सहा महिन्यांचं मिळवलेलं गेलं.

तिलेक: मला नाही सांगितलंस.

मीरगुल: तू विचारलंस, 'ताप आहे का?' मी म्हटलं, 'हो.' सोपं होतं.

आपा: मला माहीत होतं.

मीरगुल: तुम्हाला?

आपा: पैशाचं नाही. तुझं. एका रविवारी तू टेबलाशी बसली होतीस. बायेल तुझी बाही ओढत होता. मी मागे उभी राहिले, म्हटलं बघू तरी काय बघतेय. रेघा होत्या. बराच वेळ बघितल्या, हलेनात. मी विचारलं, 'हे बंद पडलंय का?' तू म्हणालीस, 'रविवारी बाजार बंद असतो, आपा.' आणि तरी बघत राहिलीस.

मीरगुल: ...आठवतं.

आपा: त्या महिन्यात पोरगा माझ्याजवळ झोपला. ह्याला वाटलं, आजीचे लाड.

तिलेक: बरं. बरं! जुलै वाईट गेला. माणूस शिकतो. पुढच्या वेळी जमेल.

मीरगुल: एवढी घाई का आहे तुला?

तिलेक: कसली घाई?

मीरगुल: दोन वर्षं तू म्हणायचास, 'कर तुझं दुपारचं खेळणं.' आज एकदम घोडी, दुआ, उद्यापासून. काय झालंय?

तिलेक: काही नाही.

मीरगुल: तिलेक.

आपा: सांग की. नाहीतर मी सांगते. तू मोरीत जाऊन फोनवर बोलतोस, पण मोरीचं दार कागदासारखं आहे.

तिलेक: ...वर्कशॉप बंद होतंय. मालक जागा विकतोय. महिनाअखेर शेवटचं वेल्डिंग.

मीरगुल: आणि?

तिलेक: रशियातून, येकातेरिनबुर्गहून फोरमनचा फोन येतो. तोच जुना. इमारतीचं काम आहे. म्हणतो, जागा धरून ठेवतो, पण दहा तारखेच्या आत ये.

मीरगुल: तू हे मला सांगायचं सोडून माझी नोकरी सोडवलीस?

तिलेक: मला जायचं नाहीये! कळतंय का? मागच्या वेळी तीन हिवाळे काढून आलो. दारात उभा होतो, बॅग पण खाली ठेवली नव्हती. बायेल बाहेर आला आणि म्हणाला, 'बाइके, कोण पाहिजे तुम्हाला?' बाइके! दादा! रस्त्यावरच्या माणसाला म्हणतात तसं. मला, बापाला. तुम्ही दोघी हसलात.

मीरगुल: हसलो कारण रडू आलं असतं.

तिलेक: मी पण हसलो. तू पूर्ण दिवस बसलीस तर मला जावं लागणार नाही, एवढंच डोक्यात होतं. वाईट नव्हतं माझ्या मनात.

मीरगुल: माहितीय.

तिलेक: मग एकदा प्रयत्न तर कर! वर्षभर. सहा महिने.

मीरगुल: जुलैसारखा एक महिना गेला तर घोडी गेली, माझी नोकरी गेली, आणि तू तरीही येकातेरिनबुर्गला जाशील. फक्त कर्ज घेऊन जाशील. आणि घरी बायेलला आई पण नसेल. टेबलाशी कुणीतरी बसलेलं असेल, बस.

आपा: पुढे मासेवाले बसतात ना, तिथे रस्ता रुंद आहे. तिथून गाडी फिरव.

तिलेक: कुठे?

आपा: माझ्या भावाकडे. बालिकची गाव मागे गेलं की मग तू म्हणशील, आता लांब आलो.

तिलेक: आपा, दुआ दिलीय त्यानं. दिलेली दुआ कुणी परत करतं का? तोंड कसं दाखवू? अजून निम्मे पाव्हणे तिथेच असतील.

आपा: तुला कोण तोंड दाखवायला सांगतंय? तू गाडीत बस. बोलायचं मी बघते. म्हणेन, जोल्दोश, हात पुन्हा पसर. तिच्या दुपारच्या कामाला दुआ दे, तेवढीच तिला पुरते. आणि पाकीट घे, अंधार पडायच्या आत शेजाऱ्याकडून घोडी सोडवून आण.

मीरगुल: नाही, आपा. हाड मी हातात घेतलं, मीच जाणार. तुम्ही बरोबर चला.

आपा: बरं. उचा उघडला नाहीस ना?

मीरगुल: गाठ तशीच आहे. घ्या, तुमच्याकडे ठेवा. तुमचाच आहे.

आपा: दे. जड आहे गं. ह्या वयात माझा मान मी स्वतः उचलून फिरतेय.

(गाडी मासेवाल्यांपाशी वळते.)

तिलेक: म्हणजे मी जायचं.

मीरगुल: मला माहीत नाही. महिनाअखेरपर्यंत इथे काम शोधू. माझ्या डॉक्टरांच्या भावाचं लोखंडी फाटकं-जाळ्या बनवायचं दुकान आहे, उद्या विचारते. नाही मिळालं तर... हो. मी खोटं नाही बोलणार.

तिलेक: आणि तो परत 'बाइके' म्हणाला तर?

मीरगुल: नाही म्हणणार. रोज फोन करायचा. आठवड्यातून एकदा नाही, रोज. पाचला. मी त्याला घेऊन येते तेव्हा. चालता चालता बोलेल तुझ्याशी. घर येईपर्यंत फोन त्याच्या हातात.

तिलेक: आपल्याकडे पाच म्हणजे तिकडे चार. चारला काम ऐन भरात असतं. फोरमन थांबू देत नाही.

मीरगुल: भरात असलं तरी ठेव बंद, तेवढा वेळ. मी लॅपटॉप रोज ठेवते.